फळीवरची जागा

"बाई, मी चालीन येसू म्हसावदले. गाडीमझार माथं भमस," असं सोनीबाई म्हणाली होती, आणि रमिला हसली होती. नुसती हसून थांबली असती तरी एक वेळ भागलं असतं. पण संध्याकाळी सासू ओट्यावर भाजी निवडत बसली होती, शेजारच्या दोघीतिघी टेकायला आल्या होत्या, तेव्हा तिनं ते सोनीबाईचा हेल काढून सगळ्यांना सांगितलं. मोलगीच्या डोंगरातून उन्हातान्हाची पायी उतरून शहाद्याला येणारी बाई, आणि हिला मोटारीत बसल्या जागी चक्कर येते! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सोनीबाई पलीकडे खांबाला टेकून मंगलाला पाजत होती. तीही हसली, जरा उशिरानं, इतरांकडे बघून. बाळंतपणातल्या तापात रमिलाचं दूध आटलं, तेव्हा सासऱ्यांनी माणूस पाठवून सोनीबाईला आणवलं होतं. तिचा मुलगा चालता झाला होता, तो वर आजीपाशी राहिला आणि त्याचं उरलेलं दूध खाली आलं. मंगला तिच्या अंगावर बाळसं धरत होती. रमिलाला ते बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. ती दारातून, आरशातून, वाचायला घेतलेल्या पुस्तकाच्या वरून त्या दोघींकडे बघत राही. सोनीबाईच्या तोंडून काही चुकीचं निघालं की तिला आत कुठेतरी बरं वाटे. त्या दिवशीचं हसणं त्यातलंच होतं का, हे तिनं स्वतःला तेव्हा विचारलं नाही. विचारायला सुचलं ते आज दुपारी, सोनीबाईला घरी धाडून आठवडा होत आला असताना, मोटारीच्या उघड्या दारात वाकून उभी असताना.

निमित्त सतरंजीचं झालं. म्हसावदला बारशाला गेले त्या दिवशी सोनीबाईला मोटारीतच उलटी झाली होती. तिचा वास जाईना म्हणून सासू, धनुबाई, सकाळपासून पाठीशी लागली होती. दोधू ड्रायव्हरनं मागच्या सीटपुढची सतरंजी ओढून काढली, आणि खालच्या फळ्या उघड्या पडल्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर काळं पसरलं होतं. चिखल नव्हता, तेलही नव्हतं. मंगलासाठी काजळ पाडताना दिव्यावर वाटी उपडी धरली की तिच्या पोटाला मऊ, फुंकरीनं हलेल अशी काजळी धरते, तसलं काळं. रमिलानं बोट लावलं. बोट पार नखापर्यंत काळं झालं. "हे कशाचं रे दोधू?" "धूळ व्हई बाई. जुनी गाडी शे, काई ना काई निंघतंच." दोधू सतरंजी खांद्यावर टाकून विहिरीकडे गेला. रमिला तशीच बोटाकडे बघत उभी राहिली. त्या सांध्यावरच सोनीबाई बसायची. सीटवर ती कधीच बसली नाही. पहिल्या दिवशी रमिलानं तोंडदेखलं "वर बस गं" म्हटलं होतं. सोनीबाईनं सीटच्या गादीकडे बघितलं, धनुबाईच्या लुगड्याकडे बघितलं, आणि फळीवर मांडी घालून बसली, मंगलाला मांडीत घेऊन. पुन्हा कुणी म्हटलं नाही. तिची ती जागाच ठरली. मोटारीत कुणाच्या पायाशी बसायचं हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण दाराला हात लावायच्या आधीच ज्याचं त्याला ठाऊक असतं. बडोद्याच्या कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेल्या रमिलालाही ते ठाऊक होतं.

तिनं पदर खोचला, गोणपाट अंथरलं आणि मोटारीखाली शिरली. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा शिरली होती तेव्हा अर्धी गल्ली बघायला आली होती. लढाई चालू, पेट्रोल कुपनावर, धुळ्याचा मिस्त्री फौजेत गेलेला आणि नवरा कापसाच्या जिनच्या कामासाठी मुंबईला जाऊन बसलेला. नंदुरबारहून येताना प्रकाशा गावाजवळ तापीच्या पात्रातून मोटार काढायची म्हणजे दरवेळी जीव मुठीत. त्या दिवशी एका धोंड्याला खाली काहीतरी घासलं, कडकन वाजलं, आणि धुराची नळी मागच्या अंगाला लोंबायला लागली. दोधूनं सुतळीनं बांधली. तापलेल्या लोखंडाला सुतळी! दोन मैलांत ती जळून तुटली. मग शहाद्याच्या बाजारातून, ऐन गर्दीत, नळी रस्त्यावर खरडत, ठिणग्या उडवत, मोटार घरी आली. पोरं मागे धावत होती. उमेदमल कापडवाले दुकानाच्या गादीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाटलांची मोटार नांगर धरून आली वाटतं!" सासू पडद्याच्या आत खाली मान घालून बसली होती. "तुन्हा नवराले सांगत व्हतू, बैलगाडीना काय दोष व्हता," एवढंच ती घरात शिरताना म्हणाली. आणि ते शब्द रमिलाला बाजारातल्या हसण्यापेक्षा जास्त झोंबले, कारण मोटारीचा हट्ट नवऱ्याचा नव्हता, तिचा होता. मंगलाला ताप आला तर नंदुरबारच्या डॉक्टरकडे वेळेवर कसं पोचणार, या एका भीतीनं ती रात्र रात्र जागली होती, आणि त्या भीतीपोटीच मोटार घरात आली होती, कुणीतरी वापरून टाकलेली, जुनी.

म्हणून तिनं ती नळी स्वतः बांधायची ठरवली. इंटर सायन्सला तिनं यंत्रांच्या आकृत्या काढल्या होत्या. दोधूनं जॅक लावला, खाली दोन ओंडके सारले. रमिला पाठीवर पडून खाली गेली आणि इंजिनाकडून येणारी नळी, मधला सायलेंसरचा डबा, मागचं तुटलेलं टांगणं, सगळं तिला पुस्तकातल्यासारखं ओळखू आलं. जिनातून रुईच्या गासडीला आवळायची लोखंडी पट्टी मागवली. तिला भोकं पाडून घेतली, नळीखालून वळवली, वर चौकटीला बोल्टानं धरली. "वर घे, दोधू." तो काठीनं नळी वर ढकलत होता. "बस व्हई ना बाई आते?" "अजून वर. दिसायला सरळ पाहिजे." दिसायला! हा शब्द आज तिच्या कानात खुपत होता. पुढे इंजिनाकडच्या जोडाशी तेव्हा काहीतरी कुरकुरलं होतं, सुपारी फुटताना होतो तेवढा आवाज. तिनं ऐकला होता. दोधूनंही ऐकला. "लोखंड बोलस बाई, गरम ठंडं व्हस ते," तो म्हणाला, आणि तिलाही ते पटवून घ्यायचं होतं, कारण हात भरून आले होते आणि बाहेर लोक उभे होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीला माती, केसांना जाळी, गालाला तेल लागलेलं. चुलतसासरे भिलाकाका म्हणाले, "वहूनी तर मिस्त्रीना पोट वर पाय दिधा!" आणि सासूसुद्धा, नाही नाही म्हणत, मोटारीमागे जाऊन ती सरळ नळी बघून आली. त्या रात्री रमिलानं नवऱ्याला पत्र लिहिलं नाही. तो आला की स्वतःच बघेल, म्हणेल, कुणी केलं हे? असं तिनं मनात रंगवत ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावातून एक फेरी मारली, मुद्दाम बाजारातून. आवाज थोडा बदलला होता, पुढून फटफट येत होता. पण मागून बघणाऱ्याला नळी काठीसारखी सरळ. त्या फेरीहून उतरल्यावरच सोनीबाई म्हणाली होती, मी चालीन येसू.

आता खालून बघताना तिला पुढचा जोड दिसला. दोन तबकड्या एकमेकींवर बसतात, त्या एका बाजूनं उघड्या पडल्या होत्या, वाकड्या, ओठ फाकावेत तशा. एक बोल्ट गेलेला, दुसऱ्याच्या बुडाशी चीर. मागची शेपटी तिनं इतकी वर ओढली होती की पुढचं तोंडच उचकटलं होतं. आणि त्या फटीपासून वर, फळीच्या खालच्या अंगाला, काजळीचा पंखा उमटला होता. नीट, बारीक, सांध्याकडे निमुळता होत गेलेला. बघणाऱ्याला बोट धरून वाट दाखवावी तसा. पाठीखाली गोणपाट टोचत होतं. रमिलाला आठवली ती इंटरची परीक्षा. जळण अपुरं जळलं की जो वायू निघतो त्याचे गुणधर्म लिहा. रंग नाही, वास नाही, हवेशी सहज मिसळतो, रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेली माणसं पुन्हा उठत नाहीत. उठून बरी झालेल्यांचंही डोकं कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी भ्रमतं. ओठ, नखं लाल दिसतात. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. लाल शब्दाखाली रेघसुद्धा ओढली होती.

म्हसावदला भिलाकाकांच्या मुलीच्या घरी बारसं होतं. गावावरून जायचं म्हणून पडदे सोडलेले, खिडक्यांना आणि दोधूच्या पाठीशीही. निळ्या मांजरपाटाचे, सासूनं स्वतः शिवलेले, खालून टाचलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. सीटवर ती आणि सासू. पायांशी सोनीबाई, मांडीत मंगला. शहादा सुटलं, केळीची शेतं सुटली, तसा आत तो जडपणा भरत गेला. जळक्या तेलाचा वास. सासूनं कपाळ दाबलं. रमिलाला मळमळलं, तिला वाटलं, पुन्हा दिवस गेले की काय. मग मंगला विचित्र कुरकुरली, रडली नाही, नुसती कुरकुरली. आणि रमिलाच्या अंगातली ती सदा जागी असलेली बाई ताडकन उठली. तिनं वाकून मुलीला उचलून घेतलं. सोनीबाईचे हात सुटे होते. एरवी पोर द्यायचं म्हटलं की ती आधी पदर सारखा करी, मानेखाली हात देई, मग सोडी. त्या दिवशी हातातून दोरा ओघळावा तशी मंगला वर आली. रमिलानं पडद्याचे टाके बोटानं उसवले, खिडकी खाली केली, आणि लेकीचं तोंड त्या फटीशी, वाऱ्याला धरलं. "काय करी ऱ्हायनी? लोके देखतीन," सासू म्हणाली. "तिला हवा पाहिजे," रमिला म्हणाली. तिला! तिनं तेव्हा खाली बघितलं होतं. यावर तिच्याशी कुणी वाद घालू शकणार नाही, कारण बघणारी तीच होती. सोनीबाईचं डोकं सीटच्या कडेला टेकलं होतं, तोंड अर्धं उघडं, आणि मोटारीच्या धक्क्यासरशी ते डोकं रमिलाच्या गुडघ्यावर येऊन पडत होतं. एकदा आलं. पुन्हा आलं. रमिलानं गुडघे बाजूला घेतले. झोपली असेल, असं तिनं म्हटलं स्वतःशी. कोरं लुगडं होतं रमिलाच्या अंगावर, आणि सोनीबाईच्या डोक्याला तेल होतं.

पुढचं तिला आठवायचं नव्हतं, पण मोटारीखाली पडलेल्या माणसाला तोंड फिरवायला जागा नसते. म्हसावदला दार उघडलं, तशी सोनीबाई सतरंजीवर उलटी करत बाहेरच कलंडली. मांडवातले लोक धावले. कुणी पाणी मारलं. तिनं पुन्हा उलटी केली, उठायला गेली, पाय वळले, पुन्हा पडली. ओठ लाल, विडा खाल्ल्यासारखे. "अरे, हाई ते पीसन उनी शे!" भिलाकाका म्हणाले. "आज बाजार बी नई, तरी तिन्ही साजरी करी लिधी!" एकच हशा पिकला. कुणी म्हणालं, डोंगरातली माणसं, मोहाच्या दारूची सवय. कुणी बाई म्हणाली, "आनि धाकलीले हातमा लिसन! पडती मंजे?" तेव्हा हसणं थांबलं आणि सगळ्यांचे डोळे मंगलाकडे वळले, मग रमिलाकडे, कीव आल्यासारखे. सोनीबाई जमिनीवरून वर बघत होती. तिला बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती, आणि जीभ न वळणं हाच सगळ्यांना पुरावा झाला. ती रमिलाकडे बघत होती. त्या घोळक्यात तिला तोंड बघून ओळखणारं तेवढं एकच माणूस होतं. रमिलाला सगळं ठाऊक होतं का? फट ठाऊक नव्हती. पण सोनीबाईच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे ठाऊक होतं. तिनं पाऊण वाट ते तोंड गुडघ्याजवळ पाहिलं होतं. वास कशाचा होता तेही ठाऊक होतं. तेव्हा तिनं मंगलाला छातीशी घट्ट धरलं, आणि त्या कीव करणाऱ्या डोळ्यांना, थकलेल्या आईनं हसावं तसं, थोडं हसून उत्तर दिलं. बस. एक शब्द बोलली नाही. न बोलता माणूस किती बोलू शकतो! दोन दिवसांनी सोनीबाईला तिच्या गाठोड्यासकट सासऱ्यांच्या लाकडाच्या गाडीवर बसवून दिलं. जाताना तिनं मंगलाला मागितलं नाही, आणि कुणी दिलंही नाही.

"वहू! तू गाडीखाल कसाले घुसनी?" सासूची पावलं आली. खालून फक्त पावलं दिसत होती, टाचा भेगाळलेल्या, घोट्याशी चांदीचे जाड तोडे. रमिलाला त्या पावलांशी बोलणं सोपं वाटलं. "जीजी, पुढची नळी उचकटली आहे. धूर आत येत होता. फळीतून. सोनीबाई बसायची तिथूनच." मग एक पाऊल दुसऱ्या पावलावर घासलं गेलं, माशी हाकलावी तसं. "मन्हंबी डोकं फुटी ऱ्हायंतं त्या दिनले," वरून आवाज आला, एरवीपेक्षा हळू. "म्हसावदले जाईसन सुंठना लेप लाया मी. कोनले सांगं नई. बारसामा रडगानं कसाले?" "म्हणजे ती प्यायली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं." "तुलेबी ठाऊक व्हतं," सासू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दोघींनी मिळून एखादं भांडं फोडावं आणि एकीनं दुसरीला तसं सांगावं, इतकं ते सरळ होतं. थोड्या वेळानं ती खाली बसली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि तिचा चेहरा मोटारीच्या कडेखाली आला, आडवा. "देख, वहू. व्हयनं ते व्हयनं. लोकेसले कळनं ते म्हनतीन, पाटीलनी वहूनी गाडी बांधी आनि बाईले मारं. मन्हा पोरगा कोठे तोंड दखाडी? कोनी इचारंच ते दोधूनी बांधी म्हन." आणि तेव्हा, एका श्वासापुरतं, रमिलाला सुटल्यासारखं वाटलं. दोधूचं काय, तो विसरून जाईल. त्याला कोण काय म्हणणार आहे! तो श्वास संपला आणि तिला स्वतःच्या अंगाचीच किळस आली, तेलकट केसांची, पाठीला चिकटलेल्या चोळीची, आत बसलेल्या त्या हुशार, सावध बाईची, जी प्रत्येक फटीतून आधी आपलं माणूस बाहेर काढते. "दोधूचं नाव घ्यायचं नाही, जीजी. मी बांधली." "मंग बोलूच नको," सासू म्हणाली आणि तोडे वाजवत निघून गेली.

दोधू आला तेव्हा रमिला म्हणाली, "पान्हा दे." पट्टीचा बोल्ट तिनं सैल केला. शेपटी हळूहळू खाली आली, आणि पुढच्या तबकड्या, इतके दिवस आ वासून बसलेल्या, आपोआप जवळ आल्या. दोधू जिनात जाऊन बॉयलरच्या झाकणाला लावतात ती पांढरी दोरी आणि दोन बोल्ट घेऊन आला. दोरी जोडात भरली, बोल्ट आळीपाळीनं आवळले. एक झाल्यावर दुसरा, पुन्हा पहिला. मागची नळी आता चार बोटं लोंबत होती. "वर लिऊ का जराशी?" दोधूनं विचारलं, "बरं नई दिसत." "असू दे." मग तिनं त्याला इंजिन चालू करायला सांगितलं, स्वतः मागे चढली, आणि सीटवर न बसता खाली फळीवर बसली. पडदे सोडून घेतले. खाली बसल्यावर मोटार वेगळीच असते. बाहेरचं काही दिसत नाही. सीटचं फाटलेलं अस्तर दिसतं, त्यातून डोकावणारा काथ्या, आणि वर, जिथे माणसं बसतात तिथे, दोन माणसांचे गुडघे असतील एवढी पोकळी. त्या पोकळीकडे मान वर करून बघावं लागतं. इंजिनाची थरथर थेट माकडहाडात शिरते. सोनीबाई इथे बसून मंगलाला गाणं म्हणायची, तिच्या बोलीतलं, रमिलाला त्यातला एक शब्द कळत नसे. आणि रमिला वर बसून विचार करायची, ही माझ्या मुलीला काय शिकवते आहे! आता ती नाक फळीशी नेऊन बसली. वास येत नव्हता. डोकं जड होत नव्हतं. काम चांगलं झालं होतं. दोधूनं पडदा सारून आत बघितलं आणि पाटलांची सून फळीवर बसलेली बघून तो इतका ओशाळला, की पडदा सोडून तसाच उभा राहिला. "उतरा बाई," तो बाहेरून म्हणाला. "कोनी देखी."

बाजाराच्या दिवशी जालमसिंग कोळसा घेऊन आला. तो सोनीबाईच्याच पाड्याकडचा. मागे तिचे निरोप तोच नेत-आणत असे. रमिला मंगलाला वाटीनं दूध पाजत होती. पोर तोंड फिरवत होती, वाटीला हात मारत होती, दूध मानेवरून ओघळत होतं. "सोनीबाई कशी आहे?" तिनं विचारलं. जालमसिंगनं कोळशाचं पोतं भिंतीशी टेकवलं. "पह्यलं बरी व्हती, बाई. चालत व्हती, रांधत व्हती. आते काय व्हयनं कोनजाने. चूल्हापासी बसस आनि पीठ इस्तोमा टाकस. पानीना हंडा हातमाईन सुटी जास. पोऱ्याले दुसरंच नाव धरीसन बलावस." त्यानं कोळशाचे हात धोतराला पुसले. "तिन्ही माय म्हनस, खाले जाईसन दारू लागनी. म्हसावदना लोके सांगी गयात ना." धनुबाई मधल्या दारात येऊन उभी होती, हातात सूप. रमिलाला ती दिसली. जालमसिंगला सांगायला फार बोलावं लागणार नव्हतं. तुझ्या माणसांना सांग, ती प्यायली नव्हती, मोटारीचा धूर होता, मी बांधली होती. एवढंच. ते शब्द तिच्या तोंडात तयार होते, ओळीनं. "तिला म्हणावं," ती म्हणाली, "म्हणावं, बरं वाटलं की परत ये." सूप पाखडल्याचा आवाज सुरू झाला. जालमसिंगनं मान हलवली. परत यायला ती आता तेवढी राहिली आहे का, असं त्याच्या डोळ्यांत होतं. तिनं मंगलाचं एक जुनं झबलं सोनीबाईच्या मुलासाठी दिलं. पोराला ते बसणार नाही, हे जालमसिंगला कळलं, तिलाही कळलं. तो गेला. त्याच्या मागून दारापर्यंत जावं असं तिला वाटलं आणि ती उंबऱ्यापर्यंत गेलीही. पण बाहेर भिलाकाका कुणाशी बोलत उभे होते, आणि तिला बघताच म्हणाले, "काय वहू, आते कोनती गाडी दुरुस्त करनी शे?" ती हसली. तिचं तोंड अजूनही कुणीही हसवलं की हसत होतं.

नवऱ्याला तिनं सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, मायेचं, घाबरलेलं: मंगलाला डॉक्टरांना दाखव, मोटार आता बंद ठेव, आणि झाली गोष्ट मनाला लावून घेऊ नकोस. सोनीबाईबद्दल त्यात एकच ओळ होती, की त्या बाईला काही पाठवून देऊ. डॉक्टर मंगलाला बोटानं टिचक्या मारून हसवून म्हणाले, ठणठणीत आहे. वेळेवर हवा मिळाली. वेळेवर हवा मिळाली. ती ते शब्द घेऊन घरी आली, आणि आता ते ती कुठे ठेवणार? वर डोंगरात मोटार जात नाही, आणि पाटलांची सून बैलगाडी जोडून मोलगीच्या पाड्यात जायला निघाली तर वेशीच्या आत तिला परत आणतील. जालमसिंग पुढच्या बाजाराला आला नाही. घरात सोनीबाईचं नाव आता कुणी घेत नाही. मंगलाही वाटीला सरावली आहे. पण दुपारी ती पाळण्यात झोपली की तिच्या ओठांची अजून चोखल्यासारखी हालचाल होते, आणि रमिला तिथे उभी राहते.

तिला घरात हे विचारण्यासारखं कुणी नाही, म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुम्ही कधी मध-डिंक घ्यायला, लाकूड बघायला, कशालाही मोलगीच्या बाजाराला चढलात, तर सोनीबाईचं घर विचारा. दूध पाजायला शहाद्याला गेली होती ती, म्हटलं की दाखवतील. हंडा तिच्या हातात राहतो का, बघा. मुलाला हाक मारते ती त्याच्याच नावानं मारते का, कान देऊन ऐका. तिच्या आईला सांगा, तुझी लेक प्यायली नव्हती. कुणी सांगितलं विचारलं तर रमिलानं, पाटलांच्या सुनेनं, असं पूर्ण सांगा. आणि सोनीबाई तुमच्याशी एक शब्दही बोलली नाही, नुसती बघत राहिली, तरी लगेच उठून येऊ नका.